माशाच्या तोंडातला फाळ

मरळीचं डोकं उभं चिरून वरचा जबडा उलटा धरला, तर टाळूच्या अगदी पुढच्या टोकाला एक लहानसं हाड असतं. त्यावरून बोट फिरवलं की बारीक दात टोचतात. जगभरच्या प्राणिशास्त्राच्या पुस्तकांत या हाडाला ‘व्होमर’ म्हणतात. शब्द लॅटिन आहे. रोमन शेतकऱ्याच्या तोंडी त्याचा अर्थ होता नांगराचा फाळ.

मी गडहिंग्लज-आजरा भागातल्या मुलामुलींना प्राणिशास्त्र शिकवत असे. त्यांतल्या बहुतेकांच्या घरी नांगर होता, निदान सोप्यात टेकवून ठेवलेला जुना फाळ तरी होताच. व्होमरचा अर्थ सांगितला की मागच्या बाकावरून हमखास आवाज यायचा, “म्हंजे आमच्या नांगराचा फाळच की हो मॅडम!” तोच. माणसाच्या नाकाच्या पडद्यातही हे हाड असतं आणि तिथे त्याचा फाळासारखा आकार आणखी स्पष्ट दिसतो. एकदा हे कळलं की तो शब्द कुणी विसरत नाही. पण आमच्या अभ्यासक्रमात तो कळू देण्याची सोय नव्हती. पुस्तकात हाडाचं नाव असे, आकृतीत बाण असे, परीक्षेत पाच गुण असत. मुलं ‘प्रीऑपरक्युलम, सबऑपरक्युलम, इंटरऑपरक्युलम’ असं घोकत व्हरांड्यात फेऱ्या मारत.

ते घोकणं ऐकून मला वाईट वाटायचं. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला बारावीनंतर एकदम इंग्रजी पुस्तक हाती येतं आणि ही अवघड नावं म्हणजे इंग्रजीच, आपल्याला इंग्रजी येत नाही म्हणून ती जड जातात, अशी त्याची समजूत होते. प्रत्यक्षात लंडनच्या मुलालाही ती तितकीच परकी असतात. ती ना त्याच्या आजीची भाषा, ना आपल्या आजीची. मात्र कुणाच्या तरी आजीची ती रोजची भाषा होती. स्वयंपाकघर, शेत, दाराची कडी, होडी, पिसं हे शब्द उचलून माशाच्या अंगावर लावलेले आहेत.

माशाच्या परापासूनच सुरुवात करू. लॅटिनमध्ये माशाचा पर म्हणजे ‘पिन्ना’, आणि पिन्ना म्हणजे पीस, पंख. आपण मराठीत पर म्हणतो, तोही मुळात पिसाचाच शब्द, फारसीतून आलेला. शास्त्रीय मराठीत काही जण ‘पक्ष’ लिहितात, तो संस्कृत पंख. रोमन, इराणी आणि भारतीय अशा तिघांनाही पाण्यातल्या माशाकडे पाहून पक्षीच आठवला, ही मला फार सुंदर गोष्ट वाटते. पुढची नावं तर अगदी सरळ आहेत. ‘डॉर्सम’ म्हणजे पाठ, म्हणून पाठीवरचा तो डॉर्सल. ‘पेक्टस’ म्हणजे छाती, म्हणून कल्ल्यामागचा पेक्टोरल. ‘व्हेंटर’ म्हणजे पोट, म्हणून पोटाखालचा व्हेंट्रल. ‘कॉडा’ म्हणजे शेपूट, म्हणून कॉडल. शिंगट्याच्या पाठीवर, शेपटीच्या जरा अलीकडे, काटा नसलेला मऊ लुसलुशीत आणखी एक पर असतो. तो अ‍ॅडिपोज, कारण ‘आडेप्स’ म्हणजे चरबी. रोहू-कटल्याला हा पर नसतो. बाजारात डोकं कापून ठेवलेला मासा पाहिला तरी एवढ्या एका खुणेवरून तो कोणत्या घराण्यातला नाही, हे सांगता येतं.

ही भाषा माशांवर लादली कुणी, असं मुलं विचारत. सोळाव्या शतकात युरोपातले विद्वान माशांवर मोठे ग्रंथ लिहू लागले, तेव्हा फ्रान्समधला रोंदले असो की रोममधला साल्व्हियानी, सगळे लॅटिनमध्येच लिहीत, कारण तीच सर्वांची सामाईक लेखनभाषा होती. पण माशाच्या प्रत्येक भागाला एकच ठरावीक शब्द असावा आणि सगळ्यांनी तोच वापरावा, हा आग्रह धरला तो पीटर आर्टेडी या स्वीडिश तरुणाने. उप्सालाच्या विद्यापीठात तो आणि निसर्गशास्त्रज्ञ लिनियस जिवलग मित्र होते. आपल्यातला जो आधी जाईल त्याचं लिखाण दुसऱ्याने छापायचं, असं दोघांनी ठरवलं होतं. 1735 साली आर्टेडी अ‍ॅमस्टरडॅममध्ये एका श्रीमंत संग्राहकाच्या माशांची नोंदणी करत होता. एका रात्री घरी परतताना तो कालव्यात पडला आणि बुडून मेला. तेव्हा तो तिशीचा होता. लिनियसने दिलेला शब्द पाळला आणि 1738 साली ‘इक्थिओलॉजिया’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. माशाच्या अंगाचं जणू व्याकरणच त्यात मांडलेलं आहे. पुढे 1758 मध्ये लिनियसने स्वतःची वर्गवारी केली तेव्हा पोटाखालच्या परांना माशाचे पाय मानलं आणि ते कुठे आहेत यावरून गट पाडले: पाय नसलेले, गळ्याशी पाय असलेले, छातीशी असलेले, पोटाशी असलेले. ही वर्गवारी आता मोडीत निघाली आहे. तरीही नवखा माणूस मासा ओळखायला बसला की अजून पहिल्यांदा परांची जागाच पाहतो.

आता त्या घोकंपट्टीच्या नावांकडे येते. ‘ऑपरक्युलम’ म्हणजे झाकण. ताजा मासा बघताना आपण जे उचलून आतला लाल रंग तपासतो, ते कल्ल्याचं झाकण. हे झाकण चार हाडांचं असतं. मुख्य ऑपरक्युलम, त्याच्या पुढचं ‘प्रे’, खालचं ‘सब’ आणि दोहोंमधलं ‘इंटर’. माझे वडील शाळेत संस्कृत शिकवत. त्यांच्यामुळे मला हे उपसर्ग परके वाटले नाहीत, कारण लॅटिनचा ‘सब’ हा संस्कृत ‘उप’चा सख्खा भाऊ आहे, ‘इंटर’ म्हणजे ‘अंतर्’ आणि ‘प्रे’ हा ‘प्र’च्या नात्यातला. दोन्ही भाषा एकाच कुळातल्या. ‘डेन्स’ म्हणजे दंत, ‘ओस’ म्हणजे अस्थी, आणि ज्याने मी स्वतः थक्क झाले होते तो ‘येकुर’, म्हणजे यकृत. संस्कृतमध्ये अवयवांची नावं आहेत आणि ती विज्ञानाला पुरतात, हे मुलांना पटवायला मला वेगळं भाषण करावं लागलं नाही. फळ्यावर ‘येकुर’ आणि ‘यकृत’ शेजारी लिहिलं की पुरे व्हायचं.

सगळ्याच शब्दांचं असं जमत नाही, आणि सगळे शब्द लॅटिनही नाहीत. लॅटिन म्हणून जे आपण शिकतो, त्यातला मोठा वाटा ग्रीक आहे. कल्ल्यांसाठीचा ‘ब्रँकिया’ रोमनांनी ग्रीकांकडून घेतला. पण कल्ल्याच्या प्रत्येक तंतूवर ज्या अतिशय पातळ पापुद्र्यांच्या ओळी असतात त्यांचं नाव ‘लॅमेला’, म्हणजे लहान पातळ पत्रा, हे अस्सल लॅटिन. या पापुद्र्यांतून पाण्यातला प्राणवायू रक्तात उतरतो. तो पाण्यातच नसेल तर लॅमेला काय करणार? शिरोळ तालुक्यात तेरवाड बंधाऱ्याजवळ पंचगंगेत मेलेल्या माशांचा खच पडल्याच्या बातम्या आपण पुन्हा पुन्हा वाचतो. मरण्याआधी ते मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करत असतात. ते हवा गिळत नसतात. पाण्याच्या सगळ्यांत वरच्या थरात थोडाफार प्राणवायू उरलेला असतो, तो कल्ल्यांवरून फिरवण्याची त्यांची धडपड चाललेली असते. ज्या नदीकाठी कोल्हापूर वसलं, तिच्यात हे पाहावं लागतं याचा मला राग येतो आणि तो मी लपवत नाही.

आमच्या काळी पदवीच्या वर्गात विच्छेदनाला मुशी असे, म्हणजे लहान शार्क. कोकणातून घाट चढून ती फॉर्मेलिनमध्ये बुडालेली यायची, डोळ्यांतून पाणी काढायची. तिचं शास्त्रीय नाव ‘स्कोलिओडॉन लॅटिकॉडस’. यातलं पहिलं पद ग्रीक, दुसरं लॅटिन. ‘लाटस’ म्हणजे रुंद, ‘कॉडा’ म्हणजे शेपूट. मुशीला कल्ल्यांचं झाकण नसतं, नुसत्या पाच फटी असतात. हवेची पिशवीही नसते. आतडं, मूत्र आणि प्रजनन यांचे मार्ग एकाच खोबणीत उघडतात, तिला ‘क्लोएका’ म्हणतात, आणि क्लोएका म्हणजे गटार. रोम शहराचं सांडपाणी टायबर नदीत नेणाऱ्या प्राचीन भुयारी गटाराचं नाव ‘क्लोएका मॅक्सिमा’, महागटार. विद्यापीठ अनुदान आयोगाने विच्छेदनावर बंदी आणल्यापासून वर्गात मुशी येत नाही. प्राण्यांच्या दृष्टीने ते योग्यच झालं असं मी मानते. पण हाताने पाहिलेलं आणि तक्त्यावर पाहिलेलं यात फरक राहतोच. म्हणून माझा आग्रह असतो की जो मासा घरी खायला आणलाच आहे, तो साफ करताना तरी नीट पाहावा.

रोहू आणला असेल तर पोटात पांढरी चकचकीत हवेची पिशवी मिळेल, मधे आवळलेली, दोन कप्प्यांची. मासेमारीच्या गावांत पोरं ती पायाखाली घेऊन फट्कन फोडतात. पालघरच्या बाजूला घोळ माशाच्या अशाच पिशवीला ‘बोत’ म्हणतात आणि तिला परदेशात सोन्याचा भाव येतो. लॅटिनमध्ये हिचं नाव ‘व्हेसिका नाटाटोरिया’, पोहण्याची पिशवी. मासा हिच्या आधाराने पाण्यात वर किंवा खाली स्थिर राहतो, एवढं शाळेत सांगतात. रोहूच्या घराण्यात ही पिशवी आणखी एक काम करते. ते सापडलं 1820 साली, लाइपझिगच्या एर्न्स्ट हाइनरिख वेबरला. पिशवीच्या पुढच्या टोकापासून डोक्यातल्या कानापर्यंत, मणक्यांच्या बाजूने, इवल्याशा हाडांची एक साखळी दोन्ही अंगांनी जाते. पाण्यातून ध्वनी आला की पिशवी थरथरते, ती थरथर ही हाडं कानापर्यंत पोचवतात. म्हणजे मासा पोटाने ऐकतो, असं म्हटलं तरी चालेल. रोहू, कटला, मृगळ, शिंगटा, गोड्या पाण्यातला बहुतेक मासा या साखळीचा आहे आणि म्हणून त्याचं ऐकणं इतर बऱ्याच माशांपेक्षा तीक्ष्ण आहे. गळ टाकून बसलेली जुनी माणसं काठावर पाय आपटू देत नाहीत, ते उगाच नव्हे.

यातल्या तीन हाडांना वेबरने माणसाच्या कानातल्या हाडांची नावं दिली होती: हातोडी, ऐरण, रिकीब. माशाची हाडं वेगळ्या मुळाची आहेत हे नंतर उलगडलं आणि त्यांना नवी नावं आली. मागून पुढे गेलं तर पहिलं ‘ट्रायपस’, तिपाई. मग ‘इंटरकॅलॅरियम’, मधे घातलेलं. मग ‘स्कॅफियम’, लहान होडी. आणि कानाच्या अगदी दाराशी, वेबरनेच नाव दिलेलं ‘क्लॉस्ट्रम’, म्हणजे अडसर. तिपाई, होडी आणि दाराचा अडसर एका माशाच्या मानेत! ज्यांनी ही नावं ठेवली, ते भिंगाखाली ती हाडं किती वेळ न्याहाळत बसले असतील, याचा विचार मी पुष्कळदा करते. मिलिमीटरभर हाडात होडी दिसायला डोळाही हवा आणि जीवही लागायला हवा.

मासे नीट पाहणारी माणसं आपल्याकडे नव्हती, असं मात्र कुणी समजू नये. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ लिहिला. कोल्हापूरचे शिलाहार तेव्हा या चालुक्यांचेच मांडलिक होते. या ग्रंथात मत्स्यविनोद म्हणून एक भाग आहे. कोणता मासा समुद्रातला, कोणता नदीतला, कोणाला खवले, कोणाला नुसती कातडी, कोणाला कसलं आमिष लावायचं, हे सगळं त्यात आहे. खवल्यांचे आणि कातडीचे हा भेद आजही आमची मासेवाली मावशी करते. ही परंपरा पुढे शरीररचनेपर्यंत वाढली नाही याची खंत वाटते.

उलट दिशेनेही, आपल्याकडून लॅटिनकडे, शब्दांची देवाणघेवाण झाली, आणि ती आपल्याच मुलखात झाली. विल्यम हेन्री साइक्स हा मुंबई सैन्यातला अधिकारी 1824 पासून दख्खनची पाहणी करत होता. तो पिकं, हवामान, लोकसंख्या नोंदवत होता आणि त्याबरोबर पक्षी व मासेही. 1839 साली दख्खनच्या माशांवरचा त्याचा निबंध लंडनला प्रसिद्ध झाला. नव्या माशांना नाव देताना त्याने काय केलं? नदीवर मासे धरणाऱ्यांना विचारलं आणि त्यांनी सांगितलेला शब्द जसा कानावर पडला तसा रोमन अक्षरांत लिहून टाकला. म्हणून आज जगातल्या कोणत्याही संग्रहालयात महसीरच्या एका जातीचं नाव ‘टोर खुद्री’ आहे, एका माशाचं ‘हिप्सेलोबार्बस कोलस’, दगडाला चिकटून राहणाऱ्या मळ्याचं ‘गारा मुल्या’, शिंगटीचं ‘मिस्टस सींगटी’ आणि घोगऱ्याचं ‘रिटा गोग्रा’. शिंगट्यांच्या कुळातले बरेच मासे पाण्याबाहेर काढले की छातीच्या पराचा काटा खोबणीत घासून करकर आवाज करतात. घोगरा हे नाव त्या आवाजावरून पडलं असावं, असं मला वाटतं. ज्या भोई-कोळ्यांनी ती नावं सांगितली, त्यांची स्वतःची नावं कुठेच नोंदलेली नाहीत. त्यांचे शब्द मात्र लॅटिनच्या शेजारी पक्के बसले आहेत. साइक्सच्या आधी, 1822 मध्ये, फ्रान्सिस हॅमिल्टनने गंगेच्या माशांच्या बाबतीत हेच केलं होतं. रोहिता, कटला, मृगाला ही नावं त्याचीच.

हा मार्ग अजून उघडा आहे. नावाच्या भाषेबाबत नियम एवढाच आहे की ते रोमन लिपीत असावं. मूळ शब्द कोणत्याही भाषेतला चालतो. आंबोलीत उगम पावून आजरा, गडहिंग्लजवरून कर्नाटकात जाणाऱ्या हिरण्यकेशीचंच पाहा. 2014 साली या नदीतून एका छोट्या माशाची नवी जात नोंदवली गेली. तिचं नाव ‘पेथिया लॉन्जिकॉडा’. त्यातलं ‘पेथिया’ सिंहली, लहान माशांना श्रीलंकेत म्हणतात ते, आणि ‘लॉन्जिकॉडा’ लॅटिन, लांब शेपटीची. 2020 साली नदीच्या उगमाशी असलेल्या देवळाच्या कुंडातून दुसरी नवी जात मिळाली, ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’. शिस्टुरा ग्रीक, दुभंगलेल्या शेपटीचा. हिरण्यकेशी आपली, सोनेरी केसांची. पुढच्या वर्षी राज्य सरकारने तिथला 2.11 हेक्टर परिसर जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केला. एका बोटाएवढ्या माशामुळे देवळाचं कुंड वाचलं. नाव दिल्याने काय होतं असं विचारणाऱ्याला मी हे कुंड दाखवते.

नवीन जात ठरवताना अजूनही तेच जुने शब्द कामाला येतात. ओठाला मिशा आहेत का, ‘लिनिया लॅटरॅलिस’ म्हणजे अंगाच्या बाजूने जाणारी रेघ शेपटीपर्यंत पोचते की मधेच थांबते, त्या रेघेवर खवले किती, पाठीच्या परात काटे किती. ही रेघ नुसती शोभेची नसते. तिच्यावरच्या छिद्रांतून माशाला पाण्याची हालचाल कळते, म्हणून गढूळ पुरातही तो दगडावर आपटत नाही.

आजऱ्याकडचा माझा एक विद्यार्थी आता शेती करतो. पावसाळ्यात ओढ्याला मासे चढले की तो मला फोटो पाठवतो, “मॅडम, ह्यो कुठला?” मी उत्तर देत नाही, प्रश्न विचारते. परवा बोटभर लांबीचा, अंगावर काळे ठिपके असलेला एक मासा त्याने पाठवला. मिशा नाहीत, त्याने कळवलं. रेघ? चार-पाच खवल्यांवर आहे, पुढं दिसत नाही. शेपटीचा देठ फोटोत त्याच्या अंगठ्याखाली गेला होता. मी त्याला लिहिलं, मासा पाण्यातच ठेव, काचेच्या बरणीत घे, बाजूने पुन्हा फोटो काढ, आणि मग सोडून दे.